मुल्तझमची भिंत

नूरभाई,

सलाम. तो वैऱ्यालाही करावा लागतो म्हणून करते.

तुमचा मक्केहून आलेला फोटो माझ्या लेकीने, मिसबाहने दाखवला. काबाच्या दाराजवळची ती भिंत, मुल्तझम. तिथे मागितलेलं वाया जात नाही म्हणतात. तुम्ही भिंतीला गाल लावून रडताय.

मीही अशीच रडले होते, यावलला, तुमच्या दाराला गाल लावून. आत अम्मीची मय्यत होती. मी तुमच्या मनाविरुद्ध निकाह केला म्हणून तुम्ही कडी काढली नाहीत. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता.

हजला निघताना तुम्ही अख्ख्या मोहल्ल्यात घरोघर जाऊन माफी मागितलीत. भुसावळला माझ्याकडे तेवढे आला नाहीत. सख्खी बहीण आहे, तिने माफ केलंच असेल, असं धरून चाललात.

माणसाला दुखावलं तर माफी त्या माणसानेच द्यायची असते, अल्लाहही ती परस्पर देत नाही. लहानपणी हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही तिथून फोन करून रडाल, आणि मी विरघळेन. त्यापेक्षा भिंतीलाच घट्ट धरून रडा, भाई. या वेळी कडी माझ्या बाजूला आहे.

तुमची सख्खी बहीण,
खातून