शॉमबर्गमधला नॉर्मन किल्ला

अण्णा, इतिहासाच्या तासाला तुम्ही फळ्यावर काढायचात तो नॉर्मन लोकांचा मातीचा किल्ला मी पाहिला. नुसता पाहिला नाही, चढले त्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत शॉमबर्गहून आम्ही तिघं इंग्लंडला गेलो होतो. शेतांच्या मधोमध एक हिरवंगार टेकाड, भोवती बुजत आलेला खंदक, वर मेंढ्या चरतायत. लाकडी बुरूज केव्हाच गेला. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी इतकं ड्राइव्ह केलं?" मला मात्र कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं. अहो, हा तर आपला दिवाळीचा किल्ला, दिवाळी संपून पार बसलेला, अळीव पेरून हिरवा झालेला. तुमची नात खंदकाभोवती एक चक्कर मारून आली. आदल्या वर्षी "आय अ‍ॅम टू ओल्ड फॉर धिस" म्हणत तिनं किल्ला कॅन्सल केला, तेव्हा मी फार रडले होते. तुमचं एवढंच तर मी इकडे अमेरिकेत घेऊन आले होते, तेही माझ्यापाशीच संपणार असं वाटलं. टेकाड उतरताना तीच म्हणाली, "आई, लेट्स बिल्ड धिस वन. फॉर दिवाळी."

मग काय, बॅकयार्डमध्ये माती कालवली. तिनं टेकाड छान रचलं आणि पायऱ्या सरळ समोरून वर नेल्या. आणि मी एकदम आठ-नऊ वर्षांची आहे, कोपरापर्यंत चिखलात, आणि तुम्ही कडाडताय, "दार समोर ठेवतात का? शत्रूला आवतण दिलंयस?" तेच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले. "चिल, आई, इट्स नॉर्मन," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं बघते तर पोरीनं आपणहून दार दोन बुरुजांच्या आड वळवलं होतं. वर महाराजांचं सिंहासन. नॉर्मनांच्या टेकाडावर महाराज बसलेले बघून तुम्ही हसला असतात की रागावला असतात, कोण जाणे. मी मात्र शेजारच्या नागपूरच्या काकूंना हाताला धरून दाखवायला आणलं.

दिवाळी झाली की आम्ही किल्ल्यावरची मातीची चित्रं गोळा करायचो आणि तुम्ही एक मावळा वरच ठेवायचात. "गड रिकामा सोडू नये." दर वर्षी एक मावळा कमी होतो म्हणून मी किती भांडायचे तुमच्याशी. यंदा तिनं चित्रं खोक्यात भरली तर एक कमी. तिनं घर पालथं घातलं. "आई, डिड यू सी हिम?"

"नाही गं," म्हटलं.

आता किल्ल्यावर बर्फ साचलाय. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायचं तरी कुठे, दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तो वर पहाऱ्यावर आहे. मीच ठेवलाय.