पाचव्या खुंटाची जागा

बाबा, आज दुपारी आम्ही केस जिंकलो. आम्ही म्हणजे न्यूयॉर्कमधलं माझं वकिलांचं ऑफिस आणि ज्यांची बाजू आम्ही मांडत होतो तो बेटांचा देश. देश इतका लहान की मी जिथे खोली घेऊन राहते, त्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या काकूंच्या मुलीच्या ॲटलसमध्ये त्याचं नाव जमिनीवर मावत नाही, ते समुद्रात छापलंय. शेजारी एक मोठा देश, आणि दोघांच्या मध्ये उथळ समुद्राचा एक पट्टा. बेटांवरचे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावत आले. मोठा देश म्हणत होता, पाणी आमचं. आता ते पाणी बेटवाल्यांचं आहे, असं पाच न्यायाधीशांनी लिहून दिलंय. तू काविळीने गेलास तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आज अठ्ठावीसची आहे. इतक्या वर्षांत तुला कधी काही लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण आम्ही जिंकलो ते तुझ्या रीतीने.

आपल्या डोल जाळ्यांचे खुंट आठवतात मला. समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकायचा, त्याला जाळं बांधायचं, भरती-ओहोटीची ओढ मासळी आत आणून सोडते. खुंटांची एक लांब ओळ, आणि ओळीत प्रत्येक घराची जागा ठरलेली. खुंट कुजला की त्याच जागी नवा. कुठे कागद नाही, शिक्का नाही, तरी कुणी दुसऱ्याच्या जागी खुंट ठोकत नाही. मी दहा वर्षांची असताना खाडीपलीकडच्या गावाने ओळीच्या टोकाची आपल्या घराची जागा त्यांची म्हणून सांगितली. तू पंच होतास. जमात देवळापुढे बसली. दोन्ही गावांतलं एकेक म्हातारं माणूस तू निवडलंस, एकाला देवळाच्या पुढे आणि दुसऱ्याला मागे बसवलंस, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. दोघांना एकच प्रश्न. तुझ्या खुंटाशेजारी कोण, त्याच्या शेजारी कोण, सांगत जा टोकापर्यंत.

लिहिणारी मी, कारण गावात तेव्हा लिहिता येणाऱ्या माणसांपैकी मीच रिकामी होते. आपल्या गावचा म्हातारा टोकाला आला आणि थांबला. पुढचं नाव त्याने घेतलंच नाही. मला वाटलं, विसरला बिचारा. मी आपल्या घराचं नाव लिहून टाकलं.

"बाय, वाच," तू म्हणालास. मी वाचलं. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं तू कधी विसरायचा नाहीस.

"म्हाताऱ्यानं आपला नाव घेतला नाय."

"पण जागा आपलीच आहे ना?"

"तू लिवाला बसलीस का न्याव कराला?"

सगळ्या जमातीसमोर. मग तू माझ्या हातातली पेन्सिल घेतलीस, तिच्या मागचं रबर दातांनी तोडलंस, थुंकलंस आणि पेन्सिल परत दिलीस. ते पान फाडून मी नव्याने लिहिलं. पलीकडच्या म्हाताऱ्याच्या ओळीतही टोकाला आपण नव्हतो. जागा गेली. घरी आई म्हणाली, "पोरीनं आपल्याचसाठी केला ना?" तू बोंबलाचं कालवण भातात कालवत राहिलास. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. ती बिनरबराची पेन्सिल मात्र संपेपर्यंत वापरली.

मी वकील झाले, शिष्यवृत्ती घेऊन इथे आले, तेव्हा माझ्या डोक्यात होतं की कायदा लहान माणसाच्या बाजूने उभा राहतो. अजूनही आहे, हस तू हवं तर. इथल्या गणपतीत भेटणारे इंजिनिअर काका विचारतात, "लॉयर का? मग ग्रीन कार्डच्या केसेस घेतेस?" मी समुद्राची सांगते, तर म्हणतात, "अरे वा, म्हणजे कोळंबीची केस." काकू मध्ये पडतात, "हसू नका हो, तिचे वडील दर्यावर्दी होते." कोळी न म्हणता हा शब्द मीच त्यांना एकदा सांगितला होता.

केसमध्ये आमची अडचण अशी की बेटवाल्यांकडेही कागद नव्हते. माझे सीनियर साठीचे, शांत गृहस्थ. एका मीटिंगमध्ये ते टेबलावर पेन आपटत होते, "पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली, हे सिद्ध कसं करायचं?" मी घाबरत म्हटलं, त्यांची जाळी खुंटांना बांधलेली असतात का ते विचारा. असतात, असं उत्तर आलं. मग मी देवळापुढची गोष्ट सांगितली. सीनियर तेच पेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "प्रश्न लिहून दे."

प्रश्न तुझाच, शब्दाला शब्द. बेटांवरच्या आठ म्हाताऱ्यांना आठ वेगळ्या घरांत बसवून तो विचारला. कॅसेट्स आणि त्यांची भाषांतरं पार्सलने आली. सात जणांच्या ओळी तंतोतंत सारख्या, अकरा खुंट, अकरा घरं. आठवा सगळ्यांत म्हातारा, नव्वदीच्या पुढचा. त्याने चार घरं सांगितली आणि म्हणाला, "पाचवी जागा रिकामी. तिथे कुणी नाही." मग पुढची सहा.

सीनियर म्हणाले, "विसरलाय. याची साक्ष गाळू या. सात पुरेत."

"गाळायची नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तो जे म्हणाला तेच जाऊ दे."

"का?"

मी एवढंच म्हटलं, "आपण लिहून घ्यायला बसलोय." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

सुनावणी इथेच न्यूयॉर्कमध्ये, एका मोठ्या हॉलमध्ये होती. मोठ्या देशाचा वकील उठून सांगतो की सात याद्या अक्षरशः एकसारख्या आहेत, म्हणजे या लोकांना पढवलेलं आहे. मग तो आपला जुना सागरी नकाशा दाखवतो. त्या पट्ट्याची पहिली मोजणी त्यांच्याच नौदलाने केली, हा त्याचा मुद्दा. मी मागच्या रांगेतून मान लांब करून बघते. पट्ट्यावर बारीक उभ्या रेघांची एक ओळ आहे. जहाजांनी इकडे येऊ नये म्हणून काढलेली. सीनियर कुजबुजतात, "बुडालेली जहाजं असतील." इतकी जहाजं एका सरळ ओळीत कशी बुडतील? ओळ भरती-ओहोटीच्या ओढीला आडवी आहे, दोन रेघांमधलं अंतर सारखं आहे. मी मोजते. चार रेघा. मग एक मोकळी जागा. मग सहा.

मी चिठ्ठीवर लिहिलं, खुंट आहेत, पाचवा नाही, आठव्या म्हाताऱ्याची साक्ष बघा. सीनियरनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि उभे राहिले. त्यांनी ती साक्ष सावकाश, एकेक घर घेत वाचली, आणि दर घरापाशी नकाशावर बोट ठेवलं. "पाचवी जागा रिकामी" म्हणताना त्यांचं बोट मोकळ्या जागेवर टेकलं. पढवलेला माणूस बाकीच्या सातांपेक्षा वेगळं बोलला नसता, आणि ते वेगळं बोलणं समोरच्यांच्याच नकाशावर होतं. बेटावरून नंतर खुलासा आला. म्हातारा लहान असताना, तो नकाशा निघाला त्याच सुमारास, पाचव्या घराची होडी बुडाली, माणसं गेली, आणि त्यांचा एकुलता वारस मोठा होईपर्यंत ओळीतल्या बाकीच्या घरांनी ती जागा कुणाला घेऊ दिली नाही. बाकी सात जणांना तो वारस आठवत होता. या एकाला त्याआधीचंही आठवत होतं.

आज निकालात ते सगळं आलंय, नकाशा, ओळ, रिकामी जागा. तो वाचला जात असताना बेटांच्या देशाचे मंत्री, धिप्पाड माणूस, माझा हात धरून रडले. बसने घरी आले तेव्हा काकूंची मुलगी दारातच होती. "सो, डिड यू विन?" मी मान हलवली, तर ती मला उचलायलाच निघाली. काकूंनी शिरा केला.

हे पत्र कुठे पाठवणार? तू असतास तरी कुणीतरी तुला ते वाचून दाखवावं लागलं असतं. निकालाच्या माझ्या प्रतीत ठेवून देते. पण ऑफिसात सगळे माझी पाठ थोपटत होते, तेव्हा एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आठवी साक्ष टाइप करायला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा पाचव्या जागी मी बाकी सातांनी सांगितलेलं त्या घराचं नाव टाइप केलं होतं. बिचारा विसरला, असंच मला पुन्हा वाटलं. ते पान तसंच टाइपरायटरमध्ये ठेवून मी जेवायला गेले, आणि परत येऊन सगळं पान पहिल्यापासून टाइप केलं. जेवताना मला तू दातांनी तोडलेलं ते रबर आठवलं. नसतं आठवलं, तर मी नाव तसंच राहू दिलं असतं.