दोनदा मिळवलेला तास

मेयो, बेटासमोरचं शेत
बुधवार, १० जून

प्रिय ऊना,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? इथं आमचं छान चाललंय. हवा बरी आहे, म्हणजे पाऊस आडवा न येता सरळ पडतोय.

ईस्टरपासून मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे तू घाबरली असशील. घाबरू नकोस. फर्गल धडधाकट आहे. फोनच करणार होते, पण फोन लावला की तुझा भाऊ मागे येऊन उभा राहतो. आत्ता तो गाडीबाहेर गवतात वाकून काहीतरी शोधतोय, म्हणून मी पटापट लिहितेय.

आमची ती शेगडी-बिछान्याची गाडी घेऊन निघाल्याला आज अकरा दिवस झाले. आधी दक्षिणेला गेलो, मग किनाऱ्या-किनाऱ्यानं वर आलो. जेवण गाडीतच, झोपही गाडीतच. सकाळी तो बेकन तळतो, मी पाव कापते. अरुंद रस्त्यावर समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करायची त्याची सवय तुला माहीतच आहे. परवा एका मेंढीलाही केला. मी खूप हसले. तोही हसला, पण जरा उशिरा, माझ्याकडे बघून.

तर, काल आम्ही बेटावर गेलो होतो. तुमच्या आईच्या कबरीवरचं गवत काढलं, दगड घासला. ओहोटीला वाळूतून जायची ती वाट फर्गलनं पोरवयापासून किती वेळा ओलांडली असेल! भरतीचं कोष्टक हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे छापतात, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली म्हणून त्यात एक तास मिळवायचा, हे तुम्हा भावंडांना पाळण्यात शिकवलेलं. सकाळी त्यानं कोष्टक काढलं. परतायची शेवटची वेळ एक. त्यानं तास मिळवला आणि वहीत लिहिलं, दोन. बरोबर होतं. मी खांद्यावरून पाहिलं होतं.

दुपारी कबरीपाशी बसून त्यानं वही उघडली. "दोन," म्हणाला. "म्हणजे तास मिळवून तीन. अजून भरपूर वेळ आहे, नोरीन."

आणि मी गप्प बसले.

हे लिहायला मला आधीचं सगळं पानभर लिहावं लागलं. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी गप्प बसले. आदल्या दिवशी मी त्याला वळण चुकल्याचं सांगितलं तर केवढा भडकला! "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" आणि मग अर्धा तास स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. काल आईशेजारी तो इतका निवांत दिसत होता ऊना, की मला ते मोडवेना. म्हटलं, दोनच्या आत काहीतरी निमित्त काढून उठवीन. चहा संपला म्हणेन. पण तो आईच्या गोष्टी सांगत बसला, मी ऐकत बसले, आणि निघालो तेव्हा अडीच वाजले होते.

अर्ध्या वाटेवर खुणेच्या खांबांच्या बुडाशी पाणी आलेलं. "फर्गल, दामट गाडी," मी म्हटलं. त्यानं काय करावं? गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. खिडकीबाहेर बघून म्हणाला, "काय सुरेख जागा आहे गं! इथंच मुक्काम करू. टाक चहा."

मी ओरडले. आपण कुठं आहोत ते सांगितलं, तर मलाच समजावायला लागला, "पाणी उतरतंय वेडाबाई, चढत नाहीये." मला ही गाडी चालवता येत नाही. पस्तीस वर्षं तो स्टिअरिंगवर आणि मी नकाशावर. मी हात लांब करून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. चाकं अर्धी पाण्यात गेली. तो कानांवर हात घेऊन म्हणत होता, "बंद कर गं ते, आई झोपलीय."

टॉम-जो नावाचा इथला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधताना शिव्यांची लाखोली! "पाटी वाचता येत नाही? दर उन्हाळ्यात एक तरी गाढव सापडतंच मला!" मग फर्गल खाली उतरला आणि त्यानं टॉम-जोला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली. तो बाप जाऊन वीस वर्षं झालीत. टॉम-जोनं माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, गाडी माझ्या शेतात लावा. हवे तितके दिवस राहा."

इंजिनात पाणी गेलं नाही. गाडी चालू होते. हीच तर पंचाईत आहे.

ईस्टरला तू म्हणालीस, "नोरीन, त्याच्याकडून किल्ली काढून घे." चाळीस वर्षं नर्स होतीस, तुला एका नजरेत दिसलं. आणि मी तुला काय काय बोलले! भावाची गाडी हवीय तुला, असंसुद्धा बोलले. जिभेला काय हाड असतं? माझं चुकलं. मलाही दिसत होतं, तुझ्याआधीपासून. म्हणून तर एवढी चिडले.

आणि ही सहल नाहीये. स्मृतीच्या तपासणीसाठी हॉस्पिटलचं पत्र आलं, शुक्रवार बारा तारीख, सकाळी अकरा. मी ते टेबलाच्या खणात टाकलं आणि त्याला म्हटलं, "चल, काढ गाडी, भटकून येऊ." आपण घरीच नसलो तर कुणी काही सांगणार नाही, असं वाटलं होतं मला. त्या भीतीपायी मी त्याला काल बुडवत होते.

गवतात तो किल्लीच शोधतोय. सकाळपासून. आणि ती माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. मी त्याच्याबरोबर गुडघे टेकून शोधायचं नाटकही केलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

थांब, तो आत येतोय.

ऊना, अर्धा तास गेला. तो येऊन समोर बसला, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि अगदी पहिल्यासारख्या आवाजात म्हणाला, "तुझ्याकडेच आहे ना? बरं केलंस. काल काय झालं ते मला आठवत नाही, पण तुझा चेहरा आठवतोय. मी मागितली तरी देऊ नकोस. ओरडलो तरी नको. मला भीती वाटते गं." मी त्याला धरलं आणि आम्ही दोघंही रडलो, म्हाताऱ्या माणसांनी रडू नये तसं.

मग तो उठला, बूट घातले आणि पुन्हा बाहेर गेला.

टॉम-जोची बायको हे पत्र लगेच पोस्टात टाकणार आहे, उद्या तुला मिळेल. तुझी गाडी घेऊन उद्याच ये. शुक्रवारी अकराला आपण तिघं जाऊ. मला एकटीला ते ऐकवणार नाही. माझ्यावरचा राग असला तर तो नंतर काढ, मी सगळा ऐकून घेईन.

तो खिडकीवर टकटक करतोय. "नोरीन, किल्ली कुठंय? दे म्हणतो ना!" ओरडतोय, ऊना. मी देत नाहीये.

तुझी वाट बघणारी,
नोरीन