कात्री लावण्यापूर्वी

बुधवार, ता. १४

चि. दिग्दर्शकसाहेबांस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, माझे गुडघे सोडून. माझी पत्रं लिहिणारी शेजारची शिक्षिका परगावी गेली, म्हणून आज तुझ्या आईला बसवलंय. अट एकच, मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं. तुझं नाव निघालं की ती भांडी घासायला उठते. आज उठू दिलं नाही.

तुझं पत्र हिनेच वाचलं, बातम्या देतात तशा आवाजात. तिसरा सिनेमा झाला म्हणतोस. पहिल्यात माझं स्वयंपाकघर पोलीस चौकी झालं. दुसऱ्यात आवाज टिपणारा तुझा मित्र माझ्या कपाटात बसला होता. मी साडी काढायला गेले नि किंचाळले, तर तेही सिनेमात घातलंस. बघायला माणसं पस्तीस, त्यात आपलेच एकवीस. आता कुठे मोठ्या महोत्सवाने बोलावलंय आणि तू लिहितोस, "बाबांचा प्रसंग काढतोय, सोमवारी प्रत द्यायची आहे."

ऐकल्यापासून माझी नुसती ऊठबस चाललीय. फोन तू उचलत नाहीस. अरे, कापू नकोस रे.

ही म्हणते, "कापतोय तेच बरं. बाप अंथरुणावर, मी औषधं आणायला गेले तेवढ्यात ह्याने कॅमेरा लावला." दोन वर्षं हेच ऐकतेय. बघ, स्वतःचं वाक्य कसं दाबून लिहिलंय.

आता पुढचंही लिही गं.

त्या दुपारी आजाऱ्याचं काम करणारा नट आलाच नाही. तुझा बाप म्हणाला, "मी आयताच आडवा आहे, मला घे." तू नाही म्हणालास, सामान आवरायला लागलास. तुला परत बोलावलं ते मी. मीच म्हटलं, "त्याला हवंय ना? लाव ते यंत्र." त्याला एकच वाक्य होतं, "खिडकी उघड." तो दर वेळी पुढे काहीतरी जोडायचा. तू ओरडलास, "बाबा, एकच वाक्य!" तर म्हणे, "एवढ्या मोठ्या नटाला एकच?" आणि हसला. महिन्यात पहिल्यांदा हसला. आठव्या दिवशी गेला.

ही आली, तुला नाही नाही ते बोलली. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी तिथेच उशी सारखी करत उभी होते, गप्प. तू रागावलास तरी येशील हे माहीत होतं. ही रागावली, तर मी जायचं कुठे? म्हणून तिचे बोल तुझ्या वाट्याला जाऊ दिले.

पेन थांबलंय. मी म्हटलं, ठरलंय ना आपलं? लिहितेय, पण माझ्याकडे बघत नाही.

त्याचं ते हसू ठेवलंयस ना, एवढं कळव.

तुझी भित्री आजी
(खाली अंगठा माझाच)

हे माझं. ते हसले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काहीही कापू नकोस. जोडलेली वाक्यंसुद्धा ठेव. मी बघायला येते. तुझ्या आजीला सोबत आणायचं का, ते अजून ठरवलेलं नाही.
— आई