कावेची खूण

रामनगर,
गुरुवार

प्रिय गुरुदास,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, हे आधीच सांगून टाकतो. दोन कागद फाडले. मग म्हटलं, चाळीस वर्षं जे लिहीत आलो तेच लिहावं. खोटेपणा तुझ्या बाजूने झाला तेवढा पुरे, माझ्या बाजूने आणखी कशाला? फोन तू उचलत नाहीस. बेळगावात तुझ्या कंपनीच्या ऑफिसात निरोप ठेवला, तर साहेब साइटवर गेलेत म्हणे. साहेब! मला हसूच आलं. शाळेत असताना याच साहेबांची चड्डी मी सुतळीने बांधून द्यायचो.

तुझ्या शिल्पाची खबर आधी सांगतो, बाप म्हणून तेवढा तुझा हक्क आहे. मनगटाचं प्लास्टर निघालं. मूठ वळते, पण पाना धरला की अजून दुखतं. हनुवटीवरचे टाके सुकले, व्रण राहील. गुंदच्या रिसॉर्टवर ती परत राहायला गेली आहे. जेवते, हसते, स्वयंपाकातल्या बायकांशी गप्पा मारते. माझ्याशी मात्र बोलत नाही. बोललीच तर मला 'पुंडलिकराव' म्हणते. कळलं का तुला? जन्मापासून 'काका' म्हणत आलेली पोर मला राव लावते. शिवी दिली असती तर कमी लागलं असतं.

सुपा सोडलं तो दिवस आठवतो का? आपण नऊ-दहा वर्षांचे. धरणाचं पाणी चढायच्या आधी लोक घरांचे वासे, कौलं, दारं सगळं उतरवून रामनगरला आणत होते. तुमच्या छपराचे दोर मी कोयत्याने कापत होतो आणि तू मध्येच अंगठा घातलास. पेरभर कापला. आईच्या भीतीने तू सांगितलंस की दगडावर पडलो. माझं नाव घेतलं नाहीस. त्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर तुझ्यावर विश्वास ठेवला. अंगठ्यावरचा तो आडवा व्रण दिसला की मला वाटायचं, हा माणूस मला कधी उघडं पाडणार नाही.

कावेची खूणही आपली तेव्हाचीच. तुझे गुंदचे मामा आपल्याला रानात न्यायचे. मधाचं पोळं ज्याला आधी दिसलं त्याने झाडाला वेल बांधायचा, आणि वेल दिसला की दुसऱ्याने पुढे जायचं. मध कितीही असो, मामा म्हणायचे, "दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा न्हाई." पुढे आपण दोघंही पाइपलाइनच्या कामाला लागलो तेव्हा तोच कायदा आपण व्हॉल्व्हला लावला. दाब बसवून झाला की बोल्टवर जवसाच्या तेलात कालवलेली तांबडी काव थापायची आणि वर अंगठा दाबायचा. वाळली की दगडासारखी घट्ट. कोणी बोल्ट फिरवला तर काव तडकणार. सगळ्या तालुक्यात लोक आपल्याला हसायचे, पण आपल्या खुणेला कोणी हात लावला नाही.

रिसॉर्टचं काम तू कंपनीतून मिळवून दिलंस, पाणी सांभाळायला मला बसवलंस, उपकारच केलेस. टाकी टेकडीवर, भटारखाना आणि खालची घरं नव्वद मीटर खाली. सोडलं तर पाणी नऊ किलोच्या दाबाने येतं, आणि आगीच्या वेळी तसलं पाणी आगीपेक्षा वाईट. एकट्या माणसाच्या हातात पाइप ठरत नाही. म्हणून मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. तो आपण दोघांनी मिळून पाच किलोवर बसवला. अंगठा माझा होता. शिल्पा आयटीआय करून माझ्या हाताखाली आली तेव्हा सगळ्यात आधी मी तिला तोच व्हॉल्व्ह दाखवला. आगीची पाइप हातात घ्यायलाही मीच शिकवलं.

मग माघात बाजारकुणंगला माझ्या भाचीचं लग्न निघालं, आणि त्याच दिवशी आग-तपासणीचे साहेब येणार होते. मी जायला तयार नव्हतो. तू म्हणालास, "जा रे, हळद काय पुन्ना लागनार हाय? मी हाय न्हवं हितं." मी गेलो. तू पाठीशी आहेस म्हणून निर्धास्त जेवलो. तिकडे मालकाला पाणी जेवणघराच्या छपरावरून पलीकडे गेलेलं बघायचं होतं. पाच किलोला ते कौलांवरच पडायचं. तू बोल्ट आवळून दाब वाढवलास. पाणी छप्पर ओलांडून गेलं, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हे मला बागकाम करणाऱ्या लाडूने सांगितलं, फार उशिरा. त्याला वाटलं मला माहीतच असणार.

आवळलास तेही मी समजू शकतो. मालक डोक्यावर उभा असला की माणूस करतो. पण संध्याकाळी तो परत सैल करायचा सोडून तू तडकलेली काव खरवडलीस, नवी कालवलीस आणि वर अंगठा दाबलास. गुरुदास, इथे माझा जीव तुटतो. विसरला असतास तर मी दोन शिव्या देऊन चहा पाजला असता. तू विसरला नाहीस. मला कळू नये म्हणून तू आपली खूण वापरलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आणि माझी चूक? ती लपवत नाही. दर महिन्याला मीटर लावून दाब बघायचा असतो. मी झाकण उचलायचो, वाकून बघायचो, काव अखंड दिसली की वहीत 'पाच' लिहायचो. मीटर पिशवीतच. दोन वेळा असं केलं. शिमग्यानंतर भटारखान्याच्या मागे सरपणाला आग लागली, शिल्पा धावली, मी शिकवलं तशी पाय रोवून उभी राहिली आणि पाणी सोडलं. ते नऊ किलोचं पाणी. पाइप सापासारखी उसळली आणि पितळी तोंड तिच्या मनगटावर, मग हनुवटीवर बसलं. आग बायकांनी बादल्यांनी विझवली. मी व्हॉल्व्हपाशी पळालो, लाइन बंद केली, झाकणाखाली बॅटरी मारली. काव अखंड होती. पण तिच्यावरच्या अंगठ्याला आडवी रेघ होती.

हॉस्पिटलात तू आलास तोवर मी कोणाला काही बोललो नव्हतो. वाटलं, तू स्वतः बोलशील. शिल्पाने विचारलं, "अप्पा, पानी आसं का आलं वो?" तू भिंतीकडे बघून म्हणालास, "पुंडलिकाला इचार. खूण त्येची हाय." मी शहाळं हातात घेऊन उभा. पोरीला आई नाही, टाके ओले, आणि समोर तिचा एकुलता एक बाप. मी म्हटलं, "व्हय पोरी, माजंच चुकलं." निम्मं खरं होतं म्हणून बोलता आलं. तिने तोंड फिरवलं ते अजून फिरवलेलंच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी काही संन्यासी नाही, पण दोर दोघांचा होता रे. मला फार राग आहे तुझा. आणि रागापेक्षा जास्त लाज वाटते, की मला तू इतका कमी ओळखत होतास. सांगितलं असतंस तर मी तुला झाकलंही असतं.

मालकाने मला काढलं, ते योग्यच झालं. माझ्या जागी येत्या सोमवारी, एक तारखेला, शिल्पा रुजू होते आहे. तिनेच मागून घेतलं. म्हणाली, आता तो व्हॉल्व्ह मीच बघणार. त्या दिवसापासून खालची आगीची लाइन बंदच आहे, बोल्टला कोणी शिवलेलं नाही. तिचं पहिलं काम तेच: झाकण उचलायचं, जुनी काव काढायची, मीटर लावून दाब नव्याने बसवायचा. बॅटरी घेऊन ती नीट बघेल, मी शिकवलंय तिला. आणि तो अंगठा ती ओळखेल. तोच धरून चालायला शिकली आहे ती. म्हणून हे पत्र, गुरुदास. रविवारी सकाळच्या बसने ये आणि तुझ्या तोंडाने तिला सांग. मी बरोबर येईन, हवं तर मागे उभा राहीन. नाही आलास, तर तिला ते झाकणाखाली एकटीला वाचावं लागेल. एक फडका, चमचाभर रॉकेल आणि थोडी खरवड, एवढ्यात मी तुला वाचवू शकलो असतो. दोन वेळा तिथवर जाऊनही आलो. पुसलं नाही. आपल्यात दुसऱ्याच्या खुणेला हात लावत नाहीत.

तुझाच, अजून तरी,
पुंडलिक