म्हैस क्रमांक सतराची भुकटी

मु. पो. कडेगाव

तीर्थस्वरूप दाजी आणि आक्का यांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या नानासोचा नमस्कार. आमच्याकडे सगळी मजेत आहेत. ऊस तोडायला आलाय, टोळीचा पत्ता न्हाई, म्हणजे सगळं दरवर्षीसारखं ठीक आहे. साताऱ्यात थंडी वाढली असं ऐकतो. आक्कानं सकाळी उठून लगेच गार पाण्यात हात घालू नये, आणि तुम्ही कानटोपीला लाजू नये.

दाजी, मी मरता मरता वाचलो. खरं सांगायचं तर मी मरतच नव्हतो, पण हे मला काल, बुधवारी दुपारी कळलं. तोवरचे दोन दिवस मी माझ्या हिशेबानं मरतच होतो. आता इतकं हलकं वाटतंय, की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत न्हाई. आणि तुमच्याशिवाय सांगणार कुणाला? इथल्या कुणाला सांगितलं तर दूध डेअरीच्या रांगेत मला जन्मभर उभं राहता येणार न्हाई.

श्रावणात आमच्या गावात अबोलीताई म्हणून एक डॉक्टरीणबाई आल्या. वाईच्या आहेत, जनावरांच्या डॉक्टर, आणि आता मोठ्या पदवीसाठी म्हशींच्या खाद्यावर संशोधन करतात. त्यांनी डेअरीत सगळ्यांना बसवून समजावलं, की आपल्या भागात जनावरांना उसाच्या शेंड्यांचं वाडं घालून घालून अंगात खनिजं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. तर चाळीस म्हशी निवडायच्या, निम्म्यांना खरी भुकटी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी, आणि सहा महिने दूध, वजन, रक्त, माजावर येणं, सगळं लिहायचं. कोणाची खरी, कोणाची साधी, हे मालकाला सांगायचं न्हाई. खुद्द बाईंनाही माहीत न्हाई. ती यादी त्यांच्या सरांच्या कपाटात बंद पाकिटात. (फौजेत सीलबंद पाकीट म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मला बाईंबद्दल तिथंच आदर वाटला.) आमची चंद्री निवडली गेली. तिला नंबर सतरा आणि आम्हाला झाकणाची एक पांढरी बादली मिळाली.

आता चूक इथं झाली, की बाईंनी खनिजं कमी पडल्याची लक्षणं सांगितली. बसलेलं जनावर लवकर उठत न्हाई. चाल मंदावते. कातडी कोरडी पडते, खूर तडकतात. अंधार पडला की नीट दिसत न्हाई. दाजी, बाई म्हशीचं सांगत होत्या आणि मी खाली बसून माझ्याच टाचांकडं बघत होतो. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. बावीस वर्षं फौजेच्या स्टोअरमध्ये पेट्या उचलल्या, त्यात ते गेले. चंद्री उठायला एक धडपड करते, मी तीन करतो. मग ज्याला जास्त गरज त्याला द्यायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. शिवाय स्टोअरचा माणूस, जी वस्तू दुसऱ्याला इशू करायची ती आधी आपण तपासायची ही सवय. पहिल्या दिवशी मी चिमूटभर जिभेवर ठेवली. किंचित खारट, किंचित गोड, वाईट न्हाई. दुसऱ्या दिवशी चमचा. आठवड्यानं ताकातून दोन चमचे.

आणि गुण आला! लय गुण आला. पंधराव्या दिवशी मी भिंतीला हात न लावता उठलो. महिन्यानं धुळाबरोबर (शेजारचा धुळा, त्याचीही म्हैस यात आहे) सागरेश्वरला गेलो, तर डोंगर चढताना तो मागं राहिला आणि मी वर झाडाखाली बसून त्याची वाट बघितली. पेपरातली मोठी अक्षरं चष्म्याविना दिसायला लागली. मंडळींना (म्हणजे आमच्या रंगूबाईंना) संशय आला, की म्हातारपणी हा माणूस केस काळे करून वर शिट्टी वाजवत का फिरतोय. मी म्हणालो, पहाटे चालतो त्याचा गुण. चंद्रीच्या वाट्याचं मात्र मी कधी कमी केलं न्हाई. तिचं माप तिला पूर्ण, माझं वेगळं.

म्हणूनच पकडलो गेलो. सोमवारी बाई महिन्याची तपासणी करायला आल्या आणि या खेपेला पहिल्यांदाच त्यांनी बादली काट्यावर ठेवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, म्हशीला मापापेक्षा जास्त घालताय का?"

मी म्हणालो, "हात जरा सैल हाय माझा."

त्या ओरडल्या न्हाईत, पण समोर बसून समजावायला लागल्या. म्हणाल्या, जास्त घातलं म्हणजे जास्त गुण येतो असं नसतं. काही जीवनसत्त्वं अंगात साठत जातात, तांबं जास्त झालं तर लिव्हरवर जातं. हे माप पाचशे किलोच्या म्हशीसाठी काढलंय, शेळी-मेंढीला चुकूनसुद्धा देऊ नका, जीव जाईल. आणि शांतपणे धुळाकडं गेल्या.

दाजी, माझं वजन बासष्ट किलो.

त्या दिवसापासून मला जे जे झालं ते लिहायला कागद पुरणार न्हाई. जीभ जड झाली. उजव्या कुशीत टोचायला लागलं. (लिव्हर उजवीकडं असतं ना?) आरशात डोळे पिवळे दिसायला लागले, पण आरसाच जुना आहे म्हणून खात्री होईना. मंगळवारी जेवलो न्हाई. बुधवारी सकाळी धार काढताना मंडळींनी दुधाची बादली बाजूला ठेवली आणि विचारलं, "काय झालंय ते सांगा, न्हाईतर मी आक्कास्नी फोन लावते." मग मी गोठ्यातच सगळं सांगितलं.

त्यांनी आधी हसून घेतलं. मग रडल्या. मग म्हणाल्या, "आवं, म्हशीचं खाल्लंत ते खाल्लंत, मला सांगायला काय झालं हुतं? आता बसा मागं." आणि पदर खोचून स्वतः स्कूटी काढली. एरवी त्या बाजारापलीकडं गाडी नेत न्हाईत, काल थेट पलूसला नेली. तिथं अबोलीताई एका गोठ्यात म्हशीचं रक्त काढत होत्या. मी खाली मान घालून रिपोर्ट दिला. तारखेसकट, चमच्यासकट.

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तीन वर्षांच्या कामाचं काय होणार हे तिनं विचारलं न्हाई. पहिलं विचारलं, "उलटी होते का? लघवीचा रंग कसा आहे?" मग सरांना फोन लावला. "सर, पाकीट उघडावं लागेल. फक्त सतरा नंबर. बाकीचे मला सांगू नका." आम्ही तिघं म्हशीच्या शेपटीमागं उभे. तिकडं कपाटाची किल्ली सापडेना. मंडळींनी माझा हात धरला. लग्नात धरला होता त्यापेक्षा घट्ट.

मग बाई एकदम खाली बसल्या आणि हसायला लागल्या.

"काका, सतरा नंबर साध्या गटात आहे. तुम्ही चार महिने गव्हाचा कोंडा खाल्लात. चवीला मीठ आणि गुळाची पूड."

मंडळी म्हणाल्या, "म्हंजे काय हुणार न्हाई?"

"पोट साफ राहील, काकू."

दाजी, त्या क्षणी मला रडू आलं ते आनंदाचं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी दोन्ही गुडघे एकदम दुखायला लागले. गोठ्याच्या दोन पायऱ्या मी मंडळींच्या खांद्याला धरून उतरलो. काल सकाळपर्यंत हेच गुडघे ठणठणीत होते!

निघताना मी हळूच म्हणालो, "ताई, कमी भरलं ते म्हशीनं सांडलं म्हणून लिवा की." त्या म्हणाल्या, "काका, खोटंच लिहायचं तर चाळीस म्हशी मोजल्या कशाला? मालकानं खाल्लं, असंच लिहावं लागेल. सतरा नंबर ठेवायचा की वगळायचा ते सर ठरवतील." मला फौजेत एवढी शरम कधी वाटली नव्हती. पण सहा महिने संपल्यावर साध्या गटातल्या सगळ्या म्हशींना खरी भुकटी मिळणार आहे, म्हणजे चंद्रीचं भलं होईल. बादलीचं झाकण आता मंडळींनी दोरीनं बांधलंय. गाठ कशी सुटते ते मला सांगितलेलं न्हाई.

लहानांना आशीर्वाद. आक्काला सांगा, भाऊ जिवंत आहे.

तुमचा,
नानासो

ता. क. पत्राचं मूळ काम राहिलंच. दिवाळीत तुमच्या दिग्विजयबरोबर 'कंबरेसाठी, घरगुती' अशी चिठ्ठी लावून जो डबा पाठवला, तो याच बादलीतला होता. मंगळवारी तीन वेळा फोन करून साताऱ्यात पाऊस आहे का विचारलं, ते पावसासाठी नव्हतं. माझ्यापेक्षा तुमचंच भ्या जास्त होतं. माफ करा. आता डब्यात उरलं असेल ते तसंच परत पाठवा, आणि किती चमचे खाल्ले तेही खरं खरं कळवा. बाईंना लिहायचं आहे. नाव येणार न्हाई, 'मालक व मालकाचे पाहुणे' एवढंच येईल.

ता. क. दुसरा. आक्का, हे पत्र आधी तुझ्या हाती पडलं आणि दाजींची कंबर अजून बरी असेल, तर त्यांना दाखवू नकोस. गुपचूप डबा तेवढा काढून घे, आणि त्याजागी घरचा कोंडा भरून ठेव. मीठ-गूळ अंदाजानं.