महिपतीला मैदानबंदी

२ जानेवारी १९९८, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, बायकोला, चंद्रावतीला, तर नाहीच. खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं एवढाच हेतू. कारण पेणमध्ये खरं लिहिणारा दुसरा कोणी उरलेला नाही.

खारेपाट फुटबॉल क्लबचा मॅनेजर म्हणून माझं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी सात मॅच, सात पराभव. पण ते पायाभरणीचं वर्ष होतं. पाया खणताना घर दिसत नसतं. हे साप्ताहिक 'खाडीकाठ'चा संपादक महिपती म्हात्रे याला कोण समजावणार? आजच्या अंकात लिहितो, 'खारेपाट क्लबचा नवा सीझन सुरू. जुनी सवय सुटते का ते बघायचं.'

संकल्प: यंदा करंडक आणायचाच. महिपतीकडे दुर्लक्ष करायचं. रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या.

४ जानेवारी, रविवार

अलिबागच्या टीमकडून ०-३. पण पहिली वीस मिनिटं ०-० होतं. याबद्दल कोणी बोलत नाही.

फेऱ्या मारल्या नाहीत. थंडी होती.

९ जानेवारी, शुक्रवार

'खाडीकाठ'मध्ये मथळा: 'पुन्हा तीन.' पहिल्या वीस मिनिटांचा उल्लेख नाही!

ताबडतोब पत्र. ऑफिसात अठरा वर्षं मी जावक टेबल सांभाळतो आहे, कागद कसा असावा हे मला कोणी शिकवू नये. जावक क्र. १. विषय: शुद्धिपत्रक प्रसिद्ध करणेबाबत. प्रत माहितीसाठी, क्लबचे अध्यक्ष हैबतराव यांना.

प्रत काढायची म्हणजे झेरॉक्स आली. आमच्या आळीत झेरॉक्सचं मशीन एकच, ते महिपतीचं. 'खाडीकाठ'चं ऑफिससुद्धा तेच दुकान. त्याने कागद मशीनवर ठेवता ठेवता सगळा वाचला आणि म्हणाला, काळुरामभाऊ, तारीख टाकायची रायली हाय. टाकली. मूळ पत्र त्याच्याच हातात दिलं आणि पोच घेतली. सही त्याने मुद्दाम गिचमिड केली असावी.

१६ जानेवारी, शुक्रवार

पत्र छापलं. सव्वा पानाचं एक वाक्य करून: 'पहिली वीस मिनिटं आमच्यावर गोल झाला नव्हता, असं मॅनेजर काळुराम घरत कळवतात.'

सकाळपासून नाक्यावर जो तो विचारतो आहे, काय काळुराम, पयली वीस मिंटं बरी गेली ना? ऑफिसात साहेबांनीही विचारलं. माणसाचं म्हणणं मोडूनतोडून छापायचं आणि मग तो मी नव्हेच असा चेहरा करून झेरॉक्स काढत बसायचं.

चंद्रावती म्हणाली, आवो, त्यानं खोटं काय लिवलंय? नाय जिंकलो तं नाय जिंकलो. मी म्हटलं, गो, तुला प्रेसमधलं काय कळतंय. ती म्हणाली, प्रेसमधलं नाय कळत, वीस मिंटं कळतात. घरातच फितुरी म्हटल्यावर बाहेरच्याला काय बोलणार.

१८ जानेवारी, रविवार

रोह्याला मॅच, कुंडलिका स्पोर्ट्सच्या मैदानावर. पॅसेंजर गाडीने निघालो. टीमचा उत्साह दांडगा. मी डब्यात उभं राहून भाषण केलं.

कासूला गाडी थांबली. आमचा गोलकीपर गुणाजी, गडबचा शेतकरी, प्लॅटफॉर्मवर पाहुणा दिसला म्हणून खाली उतरला. पाहुण्याने वालाच्या शेंगांची पिशवी आणली होती. घेऊ नको, घेऊ नको, घेच, असं चाललं असताना गाडी सुटली.

सेंटर फॉरवर्ड शिवाला गोलमध्ये उभं केलं. ०-५. गुणाजी मॅच संपल्यावर आला. शेंगा मात्र उत्तम निघाल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

'खारेपाटचा गोलकीपर कासूत, गोल रोह्यात.'

रोह्याच्या वाचनालयाने ते कात्रण फलकावर लावलं आहे असं समजतं. म्हणजे आता दोन तालुके.

संध्याकाळी हैबतरावांनी त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात बोलावलं. चारी बाजूंना बिनरंगाचे गणपती, मधे हैबतराव. म्हणाले, लोकं हसतात वो काळुराम. रोह्यासंगं परतीची मॅच आपल्याकडं हाय, बावीस फेब्रुवारीला. ती हरलात तं कमिटी मॅनेजर बदलेल, मंग मना बोलू नका. पेपरात येतंय सगलं.

मी विचारलं, आणि पेपरात नाही आलं तर? ते म्हणाले, आधी जिंका तरी. पण मी तोपर्यंत उठलो होतो. मुद्दा माझ्या लक्षात आला होता. अडचण खेळाची नाही. अडचण महिपतीची आहे.

सरळ लिहितो. हा क्लब सोडावा लागला तर मला जड जाईल. ऑफिसात मला घरत म्हणतात, घरी 'आवो' म्हणतात. मॅनेजर फक्त त्या मैदानावर म्हणतात.

२५ जानेवारी, रविवार

ऐतिहासिक निर्णय. महिपती म्हात्रे यांस क्लबच्या मैदानावर येण्यास मनाई. जावक क्र. ४.

झेरॉक्स काढायला महिपतीकडे गेलो. त्याने वाचलं आणि विचारलं, बंदी ठीक हाय, पन मैदानाला गेट कुठं हाय?

प्रश्न खोडसाळ होता, पण चुकीचा नव्हता. आमचं मैदान म्हणजे गडबच्या रस्त्याला हैबतरावांचं भातशेत. कापणी झाली की मधले बांध फोडायचे, ढेकळं बसवायची, झालं मैदान. चारी बाजूंनी उघडं. महिपती म्हणाला, आधी गेट तरी लावा भाऊ, मंग मना आडवा.

लावणार. बघच तू.

३० जानेवारी, शुक्रवार

मैदानबंदी पहिल्या पानावर. माझा फोटोही, आयुष्यात पहिल्यांदा पेपरात. कुठल्याशा सत्कार समारंभातला काढून छापला आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. हजार फोटोंतून हाच कसा सापडला?

आजपासून 'खाडीकाठ' घेणं बंद. महिपतीशी बोलणंही बंद. झेरॉक्सपुरतंच बोलायचं.

८ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी ०-२. कारणं सर्वांना माहीत आहेत.

आज गेट उभं राहिलं! दोन बांबू, वर आडवा बांबू, सुंभाने बांधलेलं नारळीच्या झापाचं दार आणि पाटी: 'प्रवेश मॅनेजरच्या परवानगीने.' सगळी टीम सकाळी आठपासून खपत होती, त्यामुळे प्रॅक्टिस झाली नाही. पण टीम स्पिरिट वाढलं.

दुपारी हैबतरावांच्या दोन म्हशी गेटच्या बाजूने आत आल्या. चंद्रावती डबा घेऊन आली होती, तीही बाजूनेच आली. म्हणाली, भिंतीबिगर दरवाजा, आसं कुठं आसतं का? मी तिला सांगितलं की शिस्त ही मनात असावी लागते. ती म्हणाली, म्हशींना सांगा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

न्हाव्याकडे दाढीला गेलो होतो. तिथे 'खाडीकाठ' पडला होता, नजर गेली. 'खारेपाटचं गेट तयार, टीम बाकी.'

दाढी अर्धवट टाकून उठलो. मग परत जाऊन बसलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी पूर्ण. माझी खास मूव्ह: डावीकडून कॉर्नर, शिवाचं हेडर. तीन आठवडे कागदावर आखतो आहे. प्रत्यक्षात दोनदा करून पाहिली. एकदा बॉल विहिरीत गेला.

शिवा डोलवीला कंत्राटदाराकडे कामाला आहे. या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट. म्हणाला, बघतो भाऊ, सुपरवायझर ऐकला तं येतो. ऐकला तर काय? मी सुपरवायझरच्या नावाने रीतसर पत्र दिलं. जावक क्र. ७. म्हणजे तो प्रश्न मिटला.

एकच काम उरलं. त्या दिवशी महिपती आत दिसता कामा नये. त्याला बघितलं की पोरांचे पाय लटपटतात. ही जबाबदारी मी दुसऱ्या कोणावर टाकणार नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७

आज दाखवतो.

२२ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

जिंकलो!! १-० !!! क्लबच्या इतिहासातला पहिला विजय. क्रमाने लिहितो.

साडेतीनला गेटवर उभा राहिलो. गुणाजीकडून टीमला निरोप दिला, सगळं ठरल्याप्रमाणे. पावणेचारला महिपती आला. अख्खं पेण बाजूच्या शेतातून आत येत होतं, हा मात्र सरळ गेटवर आला आणि पाटी वाचून थांबला. म्हणाला, काळुरामभाऊ, मी भाइरच हाय. मी दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभा राहिलो. पाठ मैदानाकडे, तोंड त्याच्याकडे.

तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. माझ्या खांद्यावरून बघत वहीत लिहीत होता. मी डावीकडे सरकलो की तो उजवीकडे. पूर्ण दीड तास. वळून बघायचा मोह अनेकदा झाला. पण मी वळलो आणि त्याने पाय आत टाकला तर? मधे एकदा हैबतराव लांबून ओरडत होते, काळुराम, या की इकडं, मानूस कमी पडतोय, कोन घालायचा सांगा. मी पाठ न वळवता हाताने खूण केली की खिंड लढवतोय.

सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास मागे एकदम ओरडा झाला. महिपती हसायला लागला. मी विचारलं, कोणाचा? तो म्हणाला, तुमचा. तरीही मी वळलो नाही. याला म्हणतात निर्धार.

मॅच संपल्यावर पोरांनी गुणाजीला खांद्यावर घेऊन नाचवलं. गोलकीपरला का, ते कळलं नाही. बचाव चांगला केला असेल.

आणि मग महिपतीने गेटबाहेरूनच प्रतिक्रिया मागितली. मी बोलायचं ठरवलं. विजेत्याने मन मोठं ठेवावं. पण अट घातली: शब्दशः छापायचं. सांगितलं, 'डावीकडून कॉर्नर आणि शिवाचं हेडर, ही मूव्ह मी तीन आठवडे बसवत होतो. त्यामुळे गोल झाला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.' त्याने लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं. मग म्हणाला, भाऊ, नक्की आसंच छापू? म्हटलं, काना-मात्रा बदललीस तर कोर्टात खेचीन. खाली सही करून दिली.

कसा नमला!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहाला महिपतीच्या दुकानाबाहेर उभा. 'खाडीकाठ'चे दहा अंक घेतले. पहिलं पान, पूर्ण रुंदीचा मथळा: 'खारेपाट जिंकला!'

खाली वृत्तांत. गुणाजीने स्वतःच्या गोलसमोरून बॉल लांब मारला. तो मैदानाच्या मधोमध अर्धवट फोडलेल्या बांधावर आपटून उडाला, पुढे आलेल्या रोह्याच्या गोलकीपरच्या डोक्यावरून गेला आणि टप्पे खात गोलमध्ये शिरला. पेणची टीम दहाच जणांची होती. सेंटर फॉरवर्ड शिवा डोलवीला सेकंड शिफ्टला होता. त्याच्या जागी कोणाला घ्यायचं हे विचारायला मॅनेजर मैदानात नव्हते.

त्याखाली चौकट. 'मॅनेजर म्हणतात.' माझं निवेदन, सहीसकट. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

ऑफिसात गेलो नाही. चंद्रावतीने अंक वाचला. मला वाटलं आता बोलेल. तिने नुसता चहा पुढे ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

१ मार्च, रविवार

कमिटीची मीटिंग. हैबतराव फार गोड बोलले. तुमी गेटवर व्हता म्हनून पोरं मोकळी खेळली, आसं सगल्यांचं मत हाय. तवा फुडं गेट तुमीच सांभाळा, तितं तुमच्यासारखा मानूस नाय. ठराव एकमताने झाला. मी विचारलं, आणि मॅनेजर? गुणाजी खाली बघत होता. तो म्हणाला, भाऊ, मी नको नको म्हनत व्हतो.

निषेधाचं पत्र लिहायला बसलो. जावक क्र. ८ एवढंच लिहून झालं.

२ मार्च, सोमवार

ऑफिस सुटल्यावर महिपतीकडे गेलो. मला बघून त्याने झेरॉक्ससाठी हात पुढे केला. माझ्याकडे कागद नव्हता. भांडायला आलो नव्हतो. म्हटलं, महिपती, दोन वर्षं त्या पोरांमागे घालवली. एकदा जिंकली आणि मी पाठ करून उभा होतो. गोल कसा झाला ते नीट सांग.

त्याने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. टेबलावरचे कागद बाजूला केले, पट्टी आडवी ठेवली, हा बांध म्हणाला. शाईची बाटली म्हणजे रोह्याचा गोलकीपर. कागदाचा बोळा करून गुणाजीसारखा दोन पावलं मागे जाऊन मारून दाखवला. बॉल उडाला तेव्हा सगळ्यांच्या माना कशा वर गेल्या, गुणाजीने कसे डोक्याला हात लावले, मग कसा एकच गलका झाला, सगळं सांगितलं. त्याला सांगता चांगलं येतं.

संपल्यावर मी म्हटलं, परत सांग. त्याने पट्टी पुन्हा जागेवर ठेवली.